फोन कुणाचा वाजला

शिबिराच्या शेवटच्या संध्याकाळी मुलं गोल करून बसायची आणि मी म्हणायची, आजवर कुणालाही सांगितलं नाही असं एक काहीतरी इथं सांगा. आणि मुलं सांगायची हो! एकानं सांगितलं, आजोबा दवाखान्यात होते तेव्हा मी उशाशी बसून गेम खेळत होतो, त्यांनी पाणी मागितलेलं मला ऐकूच आलं नाही. एकीनं सांगितलं, मैत्रिणीचा फोटो मीच पुढं पाठवला आणि नंतर तिच्याच गळ्यात पडून रडले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवायची. मग माझी पाळी यायची. मी काय सांगायची? लहानपणी शेजारच्या कैऱ्या चोरल्या होत्या, ते. मुलं हसायची. मी दरवर्षी त्याच कैऱ्या चोरत होते.

जे सांगायचं होतं ते कुणालाच सांगितलं नाही. बहिणीला सांगावं म्हणून एकदा फोन लावला आणि तिच्या गुडघ्यांची चौकशी करून ठेवून दिला. नवरा असता तर त्याला सांगितलं असतं का? बहुतेक नाही. तो माणूस सरळ होता, त्याच्यासमोर जास्तच लाज वाटली असती. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही — म्हणून तुमच्यापाशी बसले आहे. मधेमधे मी भलतीकडे जाईन, मास्तरणीची सवय. पण सांगितल्याशिवाय उठणार नाही.

माझं नाव वसुधा. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. वडील तहसीलमध्ये कारकून, नवरा बँकेत, मी शाळेत — आमच्या घरात सगळे वेळेवर जाणारे आणि वेळेवर येणारे. म्हातारपणासाठी म्हणून चिकलठाण्याला नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला. ती दुष्काळाची वर्षं होती आणि शहर मात्र जालना रोडनं शेंद्र्याच्या दिशेनं पळत सुटलं होतं. आमच्या सोसायटीच्या माहितीपत्रकात पोहण्याचा तलाव होता. तो बांधलाही, निळ्या फरशा लावून. त्यात पाणी कधी पडलं नाही. पोरं त्यात क्रिकेट खेळायची. बोअर आटली होती, टँकर यायचा. गच्चीत गेलं की डोक्यावरून विमान जायचं आणि मला वाटायचं, ह्यातलं एखादं तिकडं जात असेल.

तिकडं म्हणजे मुलाकडं. तो परदेशात. बाप गेला तेव्हा आला, तेरा दिवस राहिला, आणि चौदाव्या दिवशी बॅग भरू लागला. मी दारात उभी होते. त्याला काहीतरी मायेचं बोलायला उभी होते, देवाशपथ. आणि तोंडातून काय गेलं? "रजा शिल्लक होती म्हणून आलास." त्यानं बॅगेची चेन लावली आणि गेला. त्यानंतर त्याचा फोन नाही. मीही केला नाही. मास्तरणीचा ताठा, दुसरं काय.

पण मी त्याला रोज बघायची. फोनमध्ये त्याचं नाव उघडायचं आणि नावाखाली तो शेवटचा कधी आला होता ती वेळ वाचायची. कधीकधी मी बघत असतानाच तिथं 'ऑनलाइन' अशी अक्षरं उमटायची. मी श्वास रोखून बसायची. म्हणजे तो जागा आहे, त्याच्याही हातात फोन आहे, ह्या क्षणी तो कुणाशी तरी बोलतोय. मग ती अक्षरं जायची. असं दिवसातून किती वेळा? मोजलं नाही. मोजवलं नाही.

आणि ह्या बाईनं पोरांना फोन सोडायला शिकवायचं पत्करलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान — पुढचं तुम्हाला पाठ आहे.

एक छोटी संस्था होती, नाव सांगत नाही. दहावीची परीक्षा झाली की ती मुलांना आठ दिवस म्हैसमाळच्या पायथ्याशी एका शेतावर नेई. पहाटे डोंगर चढायचा, चूल पेटवायची, झाडं ओळखायची, घरी हातानं पत्र लिहायचं. आणि फोन नाही. घर खायला उठायचं म्हणून मी जाऊ लागले. मुलं मला ताई म्हणायची. ते ऐकायला मी किती आसुसलेली असायची हे तुम्हाला सांगायला नको.

पहिल्या दिवशी फोन जमा करायचा सोहळा असे. जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवलेल्या होत्या. ज्यानं त्यानं आपला फोन बंद करून पिशवीत घालायचा, नाव लिहायचं आणि हिरव्या ट्रंकेत ठेवायचा. पोरांनी त्या ट्रंकेचं नाव कुंभकर्ण ठेवलं होतं. मग मुलं शपथ घ्यायची की लपवलेला फोन सापडला तर त्याच दिवशी घरी. सर्वांत आधी फोन मी ठेवायची, उदाहरण म्हणून. टाळ्या पडायच्या.

मी ठेवायची तो माझ्या नवऱ्याचा जुना फोन होता. बंद पडलेला. माझा माझ्या शबनम पिशवीत, टॉवेलात गुंडाळलेला.

ही झाली पहिली लबाडी. पण हिच्यासाठी मी बसलेले नाही.

दुसरी लबाडी आम्ही सगळे मिळून करायचो. इथं रेंज नाही, असं मुलांना सांगायचो. नव्हतीच फारशी. पण शेताच्या वरच्या अंगाला सिमेंटची एक जुनी कोरडी टाकी होती आणि तिच्या कट्ट्यावर, पूर्वेच्या कोपऱ्यात उभं राहिलं की रेंज यायची. मला ते ठाऊक होतं. दिवेलागणीच्या आधी, मुलं भाकऱ्यांच्या पिठाशी झटत असताना, मी 'जरा पाय मोकळे करून येते' म्हणायची आणि टाकीवर जायची. मुलाची वेळ वाचायची आणि खाली यायची.

त्या वर्षी दुसऱ्या दिवशी गेले तर कोपऱ्यात आधीच कुणीतरी उभं होतं.

ती प्रज्ञा. शेंद्र्याची पोर. वडील लहानपणीच गेलेले, आई एका कंपनीच्या कँटीनमध्ये. संस्था दरवर्षी गावाकडच्या दोन मुलींना फुकट न्यायची आणि शिबिरातलं वागणं बघून एकीला शहरात वसतिगृहात ठेवून अकरावी-बारावी शिकवायची. त्या एका जागेसाठीच प्रज्ञा आलेली होती. गणितात हुशार, अक्षर मुंगीएवढं, आंघोळीला अर्धी बादली. आम्ही पाणी जपण्यावर व्याख्यान देत होतो तेव्हा ती खाली बघून गवत उपटत होती. फोन जमा करताना ती म्हणाली होती, "माझ्याकडं फोन नाय." शिबिरप्रमुख शिरीष सरांनी सगळ्यांना तिच्याकडं बघायला लावलं होतं. बघा, हिचं काही अडतंय का!

आणि आता तिच्या कानाला बटणांचा छोटा फोन होता. आणि माझ्या हातात माझा. दोघी एकमेकींकडं बघत उभ्या राहिलो. तिच्या तोंडचं पाणी पळालं, माझंही पळालं असणार.

ती आधी बोलली. "ताई, मी गेम नाय खेळायले. टँकरसाठी."

मग तिनं सांगितलं ते मी नीट सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आहे. तिच्या गल्लीत टँकर दर तिसऱ्या दिवशी यायचा, पण वेळ ठरलेली नसे. टँकरचा ड्रायव्हर एका नंबरवर कळवायचा. ज्याला कळेल तो आधी आपले ड्रम रांगेत लावायचा, आणि मग गल्लीच्या वरच्या आणि खालच्या टोकाची भांडणं, डोकी फुटायची वेळ. शेवटी गल्लीनं बसून ठरवलं, ड्रायव्हरनं फक्त प्रज्ञाला कळवायचं. ती वरच्या टोकाला एका घरी आणि खालच्या टोकाला एका घरी पाठोपाठ सांगणार, आणि स्वतःच्या घरचे ड्रम सर्वांत शेवटी लावणार. त्यानंतर भांडण झालं नव्हतं.

"दुसऱ्या कुणाचा नंबर दिला तर परत तेच व्हईल ताई. समद्यांनी मिळून माझं नाव घेतलंय. आन् फोन नाय उचलला तर काका थांबत नायत, पुढच्या वस्तीवर ओततेत."

पंधरा वर्षांची पोर. आमच्या सोसायटीत टँकरवरून दोन इंजिनिअर एकमेकांच्या कॉलरला धरलेले मी बघितले होते.

मी काय करायला हवं होतं? सरांकडं जाऊन सांगायला हवं होतं की ह्या मुलीचा फोन म्हणजे व्यसन नव्हे, पाणी आहे. हिला रोज दहा मिनिटं द्या. शिरीष सर वाईट माणूस नव्हता. त्यानं ऐकलं असतं. पण मग त्यानं विचारलं असतं, ताई, तुम्ही टाकीवर कशाला गेला होतात?

म्हणून मी म्हणाले, "ठीक आहे. लवकर आटप. कुणाला सांगू नकोस."

"तुम्ही पण नका सांगू," ती म्हणाली आणि हसली. माझ्या फोनकडं बघून हसली. कितीतरी दिवसांनी कुणीतरी मला असं आपल्यातलं समजून हसलं होतं.

मग रोज संध्याकाळी आम्ही दोघी टाकीवर. ती ड्रायव्हरकाकांना विचारायची, उद्या येणार का, किती वाजता, आणि येणार असला की दोन घरी कळवायची. मी मुलाची वेळ वाचायची. तिनं विचारलं नाही मी काय बघते. चौथ्या दिवशी मीच दाखवलं. तिनं वाचलं आणि म्हणाली, "मंग तुम्हीच करा की फोन." इतकं सोपं. मला हसू आलं आणि रागही आला.

बोलून झालं की तिचा फोन कंपासपेटीत जायचा, कर्कटक काढून केलेल्या जागेत. तेही तिनं मला कौतुकानं दाखवलं होतं.

पाचव्या दिवशी ती म्हणाली, "ताई, बॅटरी संपायलीय." शिबिरात मुलांना चार्जिंगची सोय मुद्दामच नव्हती. "तुमचा नंबर देऊ का काकांना? दोनच दिस." मी दे म्हटलं. तिनं माझा नंबर दोनदा घोकला, तिसऱ्यांदा न बघता म्हणून दाखवला आणि ड्रायव्हरकाकांना सांगितला. मग माझा फोन नीट वाजतो का, म्हणून आपल्या फोनवरून एकदा लावून बघितला. मी जुन्या लँडलाइनची घंटी लावलेली होती — ट्रिंग ट्रिंग, आमच्या पहिल्या घरात वाजायची तशी. ती खुदकन हसली. "लई जुना हाय तुमचा आवाज!" तेवढ्यात तिचा फोन मान टाकून विझला.

आता सातवा दिवस. आता मला भलतीकडे जायची फार इच्छा होतेय.

त्या दिवशी माझ्या नवऱ्याचं श्राद्ध होतं. घरी काही केलं नव्हतं, करायला होतं कोण? पण मनात पक्कं बसलं होतं की आज मुलाचा फोन येणार. बाप होता तेव्हा तो सकाळी आठला फोन करायचा, ऑफिसमधून परतल्यावर बापाचा आवाज ऐकायचा. मी सगळ्या मुलींबरोबर एका हॉलमध्ये झोपायची, आणि त्या हॉलच्या खिडकीत सकाळची कधीकधी एखादी दांडी रेंज येते हे मी हेरून ठेवलं होतं. मी फोनचा आवाज मोठा केला, टॉवेलात गुंडाळला आणि शबनम खिडकीत ठेवली. मौनाचा तास आठला संपतो. संपला की काहीतरी निमित्त काढून आत जाईन. एवढाच बेत.

चिंचेच्या झाडाखाली सगळे डोळे मिटून बसले होते. तीस मुलं, आणि पानाचा आवाज नाही. आठला दहा कमी असतील.

ट्रिंग ट्रिंग. ट्रिंग ट्रिंग.

सगळे डोळे उघडले. हॉलमधून, मुलींच्या हॉलमधून. एक मुलगा म्हणाला, "जुन्या फोनची रिंग आहे!" शिरीष सर उठले, मग मुलींच्या खोलीत आपण कसं जायचं म्हणून थबकले आणि माझ्याकडं वळले. "ताई, तुम्ही बघा. सगळ्यांच्या बॅगा."

मी आत गेले. मुली माझ्यामागून येऊन दारात उभ्या राहिल्या. मी आधी खिडकीकडं गेले, पाठ करून, जणू पडदा सारतेय. टॉवेलात हात घातला. मुलाचं नाव नव्हतं. अनोळखी नंबर होता — आणि तो कुणाचा असणार हे मला त्याच क्षणी कळलं. मी तो कापला. फोन बंद केला. वळले.

मग बॅगा. पहिलीची बघितली, दुसरीची बघितली. अजून थांबता आलं असतं. सगळ्या बॅगा बघून 'काही सापडलं नाही' म्हणता आलं असतं, फार तर सर चिडले असते, आणि गोष्ट तिथं संपली असती. हे मला तेव्हाही समजत होतं. पण कुणीतरी म्हणालं, ताई, खिडकीजवळून आवाज आला, तिकडं बघा ना. तिकडं माझी शबनम होती. आणि माझा हात — माझा हात म्हणतेय बघा, जणू दुसऱ्याचा — मी, मी प्रज्ञाच्या बॅगेची चेन उघडली, कंपासपेटी काढली आणि झाकण उघडून सगळ्यांसमोर धरली.

चोर सोडून संन्याशाला सुळी. फरक इतकाच की इथं सुळी देणाराच चोर होता.

प्रज्ञा दारातच उभी होती. ती रडली नाही, ओरडली नाही. फक्त म्हणाली, "माझा नाय वाजला, ताई." ताई म्हणाली. सरांना नाही, मुलींना नाही, मला सांगत होती. बाहेर सरांनी त्या फोनचं बटण दाबून बघितलं. "बंद करून ठेवलाय. वा!" ते म्हणाले. बॅटरी दोन दिवसांपूर्वी संपलीय हे सांगू शकणारं त्या आवारात एकच माणूस होतं. ती माझ्याकडं बघत राहिली. मी ट्रंकेचं कुलूप तपासत राहिले.

माझं नाव तिनं का नाही घेतलं? मी ह्यावर फार विचार केलाय. कधी वाटतं, तिला ठाऊक होतं की कुणी विश्वास ठेवणार नाही — माझा फोन तर सगळ्यांच्या देखत ट्रंकेत गेलेला. कधी वाटतं, तिनं शब्द दिला होता म्हणून. मला दुसरं कारण जास्त छळतं.

शपथेप्रमाणे तिला त्याच दिवशी घरी पाठवायचं ठरलं. सोबत बाईमाणूस हवं, म्हणजे मी. नऊच्या सुमारास जीपमध्ये मागं आम्ही दोघी बसलो. पुढं ड्रायव्हर रेडिओ ऐकत होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जमीन भाजलेली, मधूनच प्लॉट पाडल्याचे पांढरे दगड आणि 'बुकिंग सुरू' अशी पाटी. एवढा वेळ होता माझ्याकडं. जीप शहरात शिरली. मग बसस्थानकाच्या अलीकडं तिनं विचारलं. वसतिगृहाच्या जागेचं नाही विचारलं. मी असं का केलं तेही नाही.

"ताई, काकांचा फोन आलता का?"

फोन माझ्या मांडीवरच्या शबनममध्ये होता. हो म्हणायचं, तो चालू करायचा आणि तिच्या हातात द्यायचा, इतकंच होतं. पण हो म्हणजे सकाळी वाजला तो माझा होता, हे तोंडानं म्हणणं. तिला ते ठाऊकच होतं. माझ्या घंटीचा आवाज तिच्या कानातला होता. तरी माझ्या तोंडून ते येणं मला सहन होणार नव्हतं.

मी म्हणाले, "नाही."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग मान हलवली. तिनं विश्वास ठेवला. घंटी माझी आहे हे ओळखलेलं असूनही तिला वाटलं असणार, वाजला तो मुलाचा फोन असेल. पाण्याच्या बाबतीत ताई खोटं बोलणार नाहीत. ती जालना रोडच्या बसमध्ये चढली आणि खिडकीत बसली. मी हात हलवला. हो, हात हलवला मी.

संध्याकाळी टाकीवर एकटीच गेले. फोन चालू केला. मुलाचं काही नव्हतं. फोन बंद असताना येऊन गेलेल्या चार फोनांचे मेसेज होते, चारही एकाच नंबरचे. मी लावला. माणूस दमलेला होता. म्हणाला, "बाई, आज सकाळीच भरून मिळाला म्हणून फोनावर फोन लावले. साडेधापस्तोर नाक्यावर उभा ऱ्हायलो पोरीसाठी. पुढं मालक बोंबलायला लागला, मग दुसऱ्या वस्तीत ओतला. आता तिसऱ्या दिशी." साडेदहापर्यंत. तिनं विचारलं तेव्हा दहा वाजले होते.

आठवड्यानं मी त्या माणसाला पुन्हा फोन केला, गल्लीला पाणी मिळालं का विचारायला. मिळालं म्हणाला. "पण तो नंबर आता बदलला. गल्लीवाल्यांनी दुसऱ्याचा दिला. पोरीनं खेप चुकवली म्हणतेत, शिबिराला जाऊन मजा करत बसली म्हणतेत." मग तोच म्हणाला, "लई शानी पोर होती हो ती." मी फोन ठेवला.

वसतिगृहाची बैठक जूनमध्ये झाली. मी निवड समितीत होते. कुणीतरी प्रज्ञाचं नाव काढलं, मार्क फार चांगले पडलेत म्हणालं. सर घुटमळले. त्यांना ती आवडायची, आणि त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी एक शब्द टाकला असता तर पुरे होता. मी शब्द टाकला. "शिस्तीचा प्रश्न आहे," म्हणाले. जागा दुसऱ्या मुलीला गेली. चहा आला, बिस्किटं आली, मी बिस्किट चहात बुडवून खाल्लं.

त्यानंतरही मी शिबिरांना जात राहिले. गोलात बसत राहिले. कैऱ्या सांगत राहिले.

वर्षं गेली. शहराचं नाव बदललं, आमच्या सोसायटीच्या पुढं आणखी चार सोसायट्या उठल्या. मुलाचा फोन येतो आता, दिवाळीला आणि माझ्या वाढदिवसाला. दोन-तीन मिनिटं बोलतो, तब्येतीला जपा म्हणतो. मी मधल्या काळात फोन दोनदा बदलला. नंबर तोच ठेवला आणि घंटीही दर वेळी मागून घेऊन तीच लावून घेतली. गेल्या हिवाळ्यात ती घंटी ऐकू येईना. स्क्रीन उजळायची, पण आवाज नाही. एखाद्या दिवाळीला मुलाचा फोन असाच गेला तर? कुणीतरी शहागंजातलं एक दुकान सांगितलं, जिन्यावरचं. म्हणाले, तिथं एक बाई बसते, तिच्या हाताला यश आहे.

माफी मागायला मी गेले नव्हते. घंटी दुरुस्त करायला गेले होते.

काउंटरवर खाली मान घालून एक तरुण बाई दिव्याखाली कुणाचा तरी फोन उघडून बसली होती. बाजूच्या वहीत मुंगीएवढं अक्षर. मी अक्षर आधी ओळखलं, मग तिनं मान वर केली. तिनं मला ओळखलं की नाही ते चेहऱ्यावरून कळेना. मी सांगितलं, आवाज येत नाही. तिनं फोन घेतला, "बसा," म्हणाली, आणि मी स्टुलावर बसले. खाली बाजाराचा गलका होता. तिनं स्क्रू काढले, काहीतरी फुंकलं, काहीतरी बदललं. मला बोलायला तेवढा वेळ होता. पूर्वी जीपमध्ये होता, तेवढाच. दुकानात आम्ही दोघीच होतो. समोर गुलाबी बरण्यांत चार्जरच्या वायरी ठेवल्या होत्या, त्या मी मोजल्या.

तिनं फोन परत जोडला. मग दुकानाचा फोन उचलला आणि आवाज येतो का बघायला नंबर लावला. न विचारता लावला. मी माझा नंबर सांगितलेला नव्हता.

ट्रिंग ट्रिंग.

तिनं तो कापला नाही. काउंटरवर आम्हा दोघींच्या मधोमध ठेवला आणि वाजू दिला, पार शेवटपर्यंत, आपोआप थांबेपर्यंत. मग माझ्याकडं सरकवला.

"वाजतोय, ताई," ती म्हणाली.

मी तिचे पैसे दिले, "बरं" म्हणाले आणि जिना उतरले.